माझे पाय, माझी सायकल आणि पुढे गेलेला हिलाल

मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं लिहायला बसली की आधी देवाचे, मग डॉक्टरांचे आणि उरलेसुरले बायकोचे आभार मानतात. मी तिघांचेही मानतो. पण खरं सांगायचं तर मला अंथरुणातून ओढून काढलं ते हेव्याने. खानदेशी मिरचीसारख्या तिखट, नाकातोंडातून पाणी काढणाऱ्या हेव्याने.

ज्यांच्या पायांतलं बळ माझ्यासारखंच अचानक निघून गेलंय आणि जे सध्या छताकडे बघत पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळे तुम्हाला सांगतील, मनात चांगले विचार आणा. जरूर आणा. तेवढ्याने पाय हलला नाही, तर एखादा जवळचा मित्र निवडा आणि त्याच्यावर जळायला लागा.

आजाराच्या आधीचा मी

मी लोटन. गावाचं नाव सांगत नाही. नंदुरबार जिल्ह्यात नगरपालिका असलेली गावं आहेत तरी किती! ओळखायचं त्याने ओळखावं. बसस्टँडसमोर माझं रंगांचं दुकान आहे आणि गावातला सायकल ग्रुप मी काढलेला आहे. रोज सकाळी पुढे मी, मागे बाकीचे. म्हसावदला जाऊन परत यायचो तेव्हा निघताना बशीत ओतलेला चहा अजून वाफाळत असायचा. माझी सायकल निळी, गियरची, खास सुरतहून आणलेली. तिच्यावरून मी एकदा एसटीला मागे टाकलं होतं. त्या वेळी एसटी थांब्यावर उभी होती, असं हिलाल म्हणतो. हिलाल काहीही म्हणतो.

हिलाल माझा पहिलीपासूनचा मित्र. त्याची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे भुवया कायम पांढऱ्या. त्याच्याकडे काळी, दांडीवाली, म्हशीसारखी जड सायकल. ग्रुपमध्ये तो सगळ्यात मागे असायचा, कारण कुणाची चेन पडली की थांबून बसवून देणार तोच. मागची जागा त्याची आणि पुढची माझी, अशी आमची बिनबोभाट वाटणी होती.

आमची मागणी साधी होती. बसस्टँडपासून कन्याशाळेपर्यंतच्या रस्त्याला कडेने पांढरा पट्टा मारा, त्याच्या आत फक्त सायकली चालतील. शाळेआधी गतिरोधक टाका. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली सायकलवर शाळेत येतात. त्यांच्या एका बाजूने टपावर माणसं बसवलेल्या डोंगरातल्या जीपा, दुसऱ्या बाजूने उसाच्या डबल ट्रॉल्या. सातवीतली एक पोर जीपच्या धक्क्याने गटारीत पडली, हात मोडला, आणि त्या दिवशी मी ठरवलं की पालिकेच्या निवडणुकीत हा पट्टा गाजवायचा. पुढाऱ्याचा कान निवडणुकीतच काय तो उघडा असतो.

चौकात भाषण ठोकलं. मागून आवाज आला, "लोटनशेठले रंग इकाना शे, दुसरं काय!" सगळे हसले. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. असा होतो मी.

पायांचा संप

एका लग्नात जेवलो आणि पोट बिघडलं. ते बरं झालं. काही दिवसांनी तळपायांना मुंग्या आल्या. मला वाटलं, सायकल जास्त झाली. दुसऱ्या दिवशी अंगणातच पायडलवर पाय ठेवला तर तो माझा नसल्यासारखा खाली घसरला.

माझी बायको सुमन ओट्यावरून बघत होती. "सकायपाइन तिसरांदाव पडनात तुम्ही. काय व्हयी ऱ्हायनं?"

"रस्ता खराब शे," मी म्हणालो.

"अंगनमा रस्ता कथाइन ऊना?"

शेजारच्या काकूंनी निदान केलं, अंगावरून वारं गेलं, मोहाच्या तेलाने चोळा. चोळलं. मी भजीसारखा तेलकट झालो, पण दुपारपर्यंत गुडघेही गेले. मग गावातल्या डॉक्टरांकडे. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय ढिम्म. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही ढिम्म. डॉक्टर नेहमी माझ्याशी टिंगलटवाळी करणारा माणूस. त्या दिवशी त्याने हातोडी खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता सुमनला म्हणाला, "आत्ताच्या आत्ता सुरत."

"उद्या आमची पट्ट्यासाठी सायकल रॅली आहे, परवा जातो," मी म्हणालो.

"लोटनभाऊ, हे पायांतून वर चढतं. छातीपर्यंत आलं तर श्वास थांबेल. रॅलीचं नंतर बघू."

त्यानंतर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि ते बघून सुमन रडायला लागली. मी गप्प बसलोय, हेच तिला आजारापेक्षा भयंकर वाटलं असणार.

हिलालने मिळेल ती गाडी आणली. ती निघाली डोंगरातली जीप. ज्या जीपवाल्यांना मी चौकात उभं राहून शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यातल्याच एकाच्या मागच्या सीटवर मी आडवा. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "शेठ, हयूहयू चालवू का रोजनामायक?"

"रोजनामायक!" रोज ज्या वेगाला शिव्या घालायचो तोच मागत मी ओरडलो. "उलट जरा जास्तच!"

खापर ओलांडून गुजरातेत शिरताना मी हिलालला म्हणालो, "उद्यानी रॅली तू काढ. फक्त उद्यानी. आनि मन्ही सायकल घरमाच ऱ्हाऊ दे."

"पडी ऱ्हायनी तर गंज चढी जाई," हिलाल म्हणाला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेजारच्या खाटेवरचा अंगठा

या आजारात शरीराची फौज स्वतःच्याच नसांवर उलटते. पुण्यात साथ आली म्हणून टीव्हीवर दाखवत होते, तोच हा. पाठीतून पाणी काढलं, विजेचे झटके देऊन नसा तपासल्या, मग मशीन लावून रक्तातलं पाणी बदलायला सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो, आणि पाय सगळ्यात शेवटी येतात. मी विचारलं, सायकल? ते म्हणाले, आधी श्वास बघू.

तिथे दिवस असा जातो. सकाळी अंग पुसणं, कूस बदलणं, सुई, पेज, कूस बदलणं, डॉक्टरांची फेरी, पुन्हा कूस बदलणं. हात हलेनासे झाले तेव्हा मला सगळ्यांचा हेवा वाटू लागला. वॉर्डबॉयच्या स्लिपरांचा. जिना चढून हाशहुश करणाऱ्या म्हाताऱ्यांचा. छतावर एक माशी चालायची. सहा पाय त्या हरामखोर माशीला, आणि एकाचाही उपयोग छतावर फिरण्यापलीकडे करत नव्हती.

सगळ्यात जास्त हेवा शेजारच्या खाटेचा. तिथे भरतभाई होते, हिरे घासणारे. आजार तोच, फक्त माझ्याआधी आलेले. एके सकाळी त्यांच्या पायाचा अंगठा हलला आणि त्यांच्या बायकोने वॉर्डभर पेढे वाटले. माझ्या तोंडातही अर्धा भरवला. इतका कडू पेढा मी आयुष्यात खाल्ला नाही.

तरी एक सांगतो. दुपारी सुमन औषधं आणायला गेली की माझ्या नाकाला हमखास खाज सुटायची. ती भरतभाईंच्या बायकोलाच कळायची. मी फक्त नाक आखडायचो, की ती न बोलता उठून येऊन पदराने पुसून द्यायची. जग जिंकल्याचं सुख एका नाकात मावतं, हे मला तिथे कळलं.

श्वास मोजायची तिथली रीत अशी, की एका दमात मोठ्याने आकडे म्हणायचे. जिथे दम संपेल तो आकडा सिस्टर लिहून घेते. भरतभाई आरामात तीसच्या पुढे जायचे. माझी गाडी विशीतच अडकायची. मी सायकल ग्रुपचा अध्यक्ष, आणि हा दिवसभर बसून हिरे घासणारा माणूस माझ्यापुढे! मग मी युक्ती केली. मध्येच खोकल्याचं नाटक करायचं आणि त्यात हळूच श्वास चोरायचा. पहिल्याच दिवशी भरतभाईंना मागे टाकलं.

दोनदा चाललं. तिसऱ्यांदा हंसाबेन सिस्टरने पेन खाली ठेवलं. "काका, वच्चे श्वास लीधो ने?"

"ना रे बेन."

"आ कांई परीक्षा नथी. खोटो आंकडो लखावशो तो मशीन मोडुं लागशे."

श्वासाचं मशीन उशिरा लागलं तर काय होईल, ते तिने सांगितलं नाही. माझा हात हातात घेऊन तिने पुन्हा मोजायला लावलं. या वेळी खरा आकडा आला. तो ऐकून ती डॉक्टरांकडे धावतच गेली. वाचणाऱ्यांनो, हेवा करा, पण आकडा खरा सांगा. मी जिवंत आहे तो हंसाबेनच्या कानांमुळे.

गप्पाड्याच्या तोंडात नळी

श्वासाचं मशीन लागलं. मला मरणाची भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू. डोळे मिटले की परत उघडतील का, म्हणून मी मिटतच नव्हतो. पण त्याहून जास्त त्रास बोलता न येण्याचा होता. माझ्या पोटात एवढ्या गोष्टी साचल्या की सिस्टरला वाटलं पोट फुगलंय.

अशात हिलाल भेटायला आला. भुवयांवर तेच पीठ. मोबाईल माझ्या डोळ्यांसमोर धरला. "देख, रॅलीना फोटू!"

फोटोत सगळं गाव होतं. शाळेतल्या मुली, आमचा ग्रुप, दोन मास्तर. आणि सगळ्यांच्या पुढे, माझ्या जागेवर, हिलाल. माझ्या निळ्या सायकलवर. सीट खाली केलेली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हिलालचंही मन भरून आलं. त्याने माझं कपाळ चोळलं. "रडू नको रे भो. समदं तुन्हाच नावखाल चाली ऱ्हायनं."

मी काय म्हणत होतो ते नळीने त्याला ऐकू दिलं नाही, म्हणून आमची मैत्री टिकली.

पण त्या दिवसापासून मी बरा व्हायला लागलो. हंसाबेन साक्षीला आहे. नळी निघाली, आधी खांदे आले, मग हात. डॉक्टर म्हणाले, औषधाने चांगलं काम केलं.  त्यांच्या मशीनला हिलालने खाली केलेली सीट दिसत नसते.

उभं राहण्याचं दुखणं

घरी आलो तो चाकाच्या खुर्चीत. खाट दुकानातच लावली, गल्ल्याच्या मागे. म्हणजे गिऱ्हाइकांवर माझं लक्ष राहील. लक्ष राहिलं आणि नवाच हेवा जडला. सुमन दुकान माझ्यापेक्षा चांगलं चालवत होती. पेंटर मंडळी मला ओलांडून तिला विचारायची, "ताई, आंबा कलरमा किती पानी टाकू?"

रोज सकाळी हिलाल पाय हलवून घ्यायला यायचा. फिजिओने दाखवलेले व्यायाम तो गिरणी सुरू करण्याआधी करून घेई. मग निळ्या सायकलवर बसून ग्रुप घेऊन जाई. जाताना घंटी वाजवायचा. मला खात्री होती की ती मला खिजवण्यासाठीच वाजते.

आणि त्याने एक नवीनच काढलं होतं. शाळेच्या वेळेला ग्रुपमधले सगळे आपापल्या सायकली रस्त्याच्या कडेकडेने एका ओळीत लावून उभे राहायचे. सायकलींची भिंत. भिंतीच्या आतून मुली जायच्या, बाहेरून जीपा. ना भाषण, ना निवेदन. मला इतक्या महिन्यांत हे सुचलं नव्हतं. गाव म्हणायला लागलं, "हिलालभाऊना पट्टा."

हिलालभाऊना! मी सुमनजवळ धुसफुसलो. माझी सायकल, माझा ग्रुप, माझा पट्टा. ती डबे रचत होती. हातातला डबा तिने ठाणकन ठेवला.

"तुम्हले फक्त त्यानी सायकल दिसस. दुकान, दवाखाना, पोरीनी शाळा, मी कथी कथी पळनू ते दिसनं का? तुम्ही पडेल शेतस म्हनीसन मी हुभी शे. हुभं ऱ्हावानं बी दुखस हो."

तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. मी आडवा असल्याने त्या बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होत्या, तरी मला दिसल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी मी तिला समोर बसवलं आणि माझ्या नुकत्याच हलायला लागलेल्या बोटांनी टाचांना व्हॅसलिन लावलं. अर्धं माझ्याच पायजम्याला लागलं. ती हसली. घरात खूप दिवसांनी कुणीतरी हसलं.

उमेदवारांची ढकलगाडी

आमच्याकडे निवडणूक लागली की आजारी माणसाला बरे दिवस येतात. प्रत्येक उमेदवार फळं घेऊन, फोटोवाल्यासह, विचारपूस करायला येतो. वॉर्ड एवढासा, एकेका घरावर निकाल फिरतो. आमच्या वॉर्डात दोघांत चुरस होती, विमलताई आणि संजूभाऊ. दोघांनीही केळी आणली. तापीकाठच्या माणसाला केळी!

मला हिलालच्या भिंतीवर तोड हवी होती. ती केळी बघता बघता सुचली.

विमलताई म्हणाल्या, "भाऊ, आमच्या लायक काही सेवा?"

"ही खुर्ची शाळेपर्यंत ढकला. शाळा भरायच्या वेळेला. तुम्ही स्वतः."

त्या खरंच आल्या. साडीचा पदर खोचून ढकलत नेलं. कडेला उभ्या गाड्या, वाळूचे ढीग, कानाशी कर्कश हॉर्न. शाळेशी पोचल्यावर त्यांनी घाम पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "पोरी रोज येतात इथून?"

ही बातमी संजूभाऊला कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. बाईने ढकलली आणि आपण मागे? दुसऱ्याच दिवशी हजर. पांढरा कडक शर्ट, गॉगल, मागे पंधरावीस पोरं, पुढे उलटा चालत फोटो काढणारा एक. हेवा काही मला एकट्यालाच नव्हता.

रसवंतीपाशी खुर्चीचं पुढचं छोटं चाक डांबराच्या तुटलेल्या काठात अडकलं. संजूभाऊने ढकललं, हलेना. तेवढ्यात समोरून उसाची डबल ट्रॉली, आणि तिला डावीकडून ओलांडायला बघणारी जीप. ट्रॉली आमच्या कडेला दाबली गेली. सरळ आमच्या अंगावर.

माझ्या पाठीमागचं ढकलणं एकदम थांबलं. मान वळवून बघितलं तर मागे कुणी नव्हतं. संजूभाऊ पोरांसकट गटारीपलीकडे पोचलेला.

लोक आता सांगतात की त्या क्षणी लोटनभाऊ खुर्चीतून उठून उभा राहिला. गोष्ट छान आहे, पण मी ती सांगत नाही. मी उठायचा प्रयत्न केला आणि पाय आले नाहीत. ओरडलोसुद्धा नाही. दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरून बसलो, एवढंच.

हिलाल शाळेकडून येत होता. त्याने चालती निळी सायकल तिथेच टाकली, पळत येऊन खुर्ची मागे झुकवली आणि मला पोत्यासारखं ओढलं. मी, खुर्ची आणि हिलाल, तिघं रसवंतीच्या चिपाडात. ट्रॉलीचं चाक माझ्या सायकलवरून गेलं. पापड मोडावा तसा आवाज आला.

आम्ही दोघं तसेच पडून होतो. 

"लागनं का रे?" तो म्हणाला.

"सायकल गयी," मी म्हणालो.

"मरू दे तिले." आणि मग हिलाल, कधी न रडणारा, हमसून हमसून रडायला लागला. माझ्याच शर्टाला नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा आला, सांगायला नकोच. युक्ती माझी, खुर्ची माझी, मरणार होतो मी. फोटो हिलालचा.

जिभेचा उपयोग

निवडून कोण आलं? संजूभाऊ. थोडक्यात, पण आलाच. गाव हळहळलं. मी मात्र खूश. कारण पाय नसले तरी जीभ परत आली होती, आणि दुकानात दिवसभर माणसं यायची.

पहिल्या आठवड्यात मी सांगायचो, संजूभाऊने गटार एका उडीत ओलांडली. पुढच्या आठवड्यात गटार आणि रसवंतीचं छप्पर. महिन्याभरात उडी तापी ओलांडून गेली, वाटेत त्याने पुलावरच्या एसटीला हात दाखवला. पोरंसोरं त्याला बघून उड्या मारायला लागली. नगरसेवक आमच्या दुकानावरून जाईना.

शेवटी दुकानात आला, एकटा, गॉगल न लावता. "लोटनभाऊ, बस करा ना. काय पाहिजे तुम्हाला?"

"बसस्टँड ते शाळा. पांढरा पट्टा, आणि गतिरोधक."

"रंग तुमच्याकडूनच घेतो."

"माझ्याकडून एक डबाही घ्यायचा नाही. दुसरीकडून आण."

पट्टा झाला. उडी सध्या गटारीवरच थांबवली आहे. पट्ट्यावर जीप उभी राहिली, की उडी पुन्हा लांबते.

काळी सायकल

पाय डॉक्टर म्हणाले तसे सगळ्यात शेवटी आले, कुरकुरत, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे. वॉकर, मग काठी, मग भिंत. मुंग्या अजून आहेत. संध्याकाळी पाय लाकडासारखे होतात. ज्यांना आत्ता काहीच हलत नाही, त्यांना एवढंच सांगतो की मलाही हलत नव्हतं.

गेल्या आठवड्यात फिजिओने सायकलला परवानगी दिली. माझी तर भंगारात गेली. हिलालने त्याची काळी म्हैस आणली. सकाळी शाळेच्या वेळेला, पांढऱ्या पट्ट्यावर. मला आधार देऊन वर बसवलं आणि मागून सीट धरली.

पहिल्या पायडलला वाटलं, जमणार नाही. दुसऱ्याला पाय घसरला. तिसऱ्याला ती हलली. हिलाल मागे पळायला लागला, पोट सांभाळत, चपला फटफटवत. मुली बाजूने जाताना खिदळत होत्या. "काका, घंटी वाजवा!"

मी वाजवली. उजवीकडून जीप गेली, पट्ट्याच्या बाहेरून. वारा तोंडावर आला. मला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण मागे हिलाल होता.

"सोड आते," मी ओरडलो.

"सोडं तर पडशी!" तो धापा टाकत म्हणाला.

 पुढे मोकळा रस्ता होता आणि आमच्या पुढे कुणीच नव्हतं.

"मग धर," मी म्हणालो. "पन मांगेच ऱ्हाय."